साडेतेवीस तासांची शुश्रूषा: आखडलेले सांधे आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण

पक्षाघाताचा झटका, मणक्याची दुखापत, मोडलेला खुबा, पार्किन्सन्स, वाढत गेलेला स्मृतिभ्रंश किंवा भाजल्याच्या मोठ्या जखमा, कारण कोणतेही असो, माणूस अंथरुणाला खिळला की त्याचे न हलणारे सांधे काही दिवसांतच आखडू लागतात. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत खाटांना इतकी मागणी असते की जिवावरचा धोका टळला की रुग्णाला घरी न्यावे लागते. त्यामुळे आखडण्याची ही प्रक्रिया पुढे परळच्या चाळीत, भांडुपच्या वन रूम किचनमध्ये किंवा बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीत, घरच्यांच्या डोळ्यांदेखत आणि तरीही त्यांच्या लक्षात न येता चालू राहते. सुरुवातीला हात नुसता जड वाटतो. मग कपडे घालताना कोपर थोडे अडते. दोन-तीन महिन्यांनी मूठ उघडत नाही, गुडघा सरळ होत नाही, आणि शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या मावशींना रुग्णाची काख पुसायलाही जागा सापडत नाही.

अशा वेळी बहुतेक घरांतून एकच उत्तर ऐकू येते, की फिजिओथेरपिस्ट तर लावला आहे. तो लावलाच पाहिजे, यात शंका नाही. परंतु तो अर्धा तास येतो, फार तर पाऊण तास. उरलेल्या साडेतेवीस तासांत रुग्ण कसा झोपतो, त्याला कसे वळवले जाते, आंघोळ कशी घातली जाते, सदरा कोणत्या हातात आधी चढवला जातो, यावर त्याचे सांधे मोकळे राहतात की आखडतात हे मोठ्या प्रमाणात ठरते. हे सारे काम परिचारिकेचे, मावशींचे आणि घरच्यांचे आहे. ते औषधाइतकेच नेमके असावे लागते, म्हणून ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

सांध्याच्या आत काय घडते

सांध्याभोवती स्नायू असतात, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा असतात, हाडे एकमेकांना बांधून ठेवणारे अस्थिबंध असतात आणि या सगळ्याला वेढणारे एक आवरण असते. स्नायूचा प्रत्येक तंतू एकापुढे एक जोडलेल्या अतिसूक्ष्म घटकांचा बनलेला असतो. स्नायू दिवसेंदिवस आखूड स्थितीत राहिला तर शरीर त्याच्या लांबीची गरज संपली असे धरून चालते आणि यांतले घटक कमी करत जाते, त्यामुळे स्नायू खरोखरच लांबीने तोकडा होतो. त्याच काळात सभोवतालच्या ऊतींमधले कोलॅजनचे तंतू एकमेकांशी घट्ट बांधले जातात, सांध्याचे आवरण आकसते, आणि हालचालीमुळे सांध्यात खेळणारे वंगण नीट पसरत नसल्याने हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेचे पोषणही मंदावते. हे बदल काही दिवसांत सुरू होतात आणि काही आठवड्यांत हाताला जाणवू लागतात. दोष स्नायूपुरताच आहे तोवर बरीचशी हालचाल परत मिळण्याची आशा असते. आवरण आणि अस्थिबंध आकसल्यावर मात्र गेलेले परत मिळवणे फार कठीण होते. पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली की नेमकी त्या घडीवर विरते, म्हणून जाणती बाई ती अधूनमधून उलगडून वेगळी घडी घालते. अंथरुणावरच्या माणसाची स्थिती बदलत राहण्यामागचे कारण याहून फार वेगळे नाही.

येथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण पुढचे बरेचसे निर्णय त्यावर अवलंबून असतात. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की स्नायूला सैल होण्याचा संदेश नीट पोहोचत नाही आणि तो ताठर राहतो. हा ताठरपणा, ज्याला डॉक्टर स्पास्टिसिटी म्हणतात, कमीजास्त होत असतो. हात झटक्याने सरळ करू पाहिला तर तो मध्येच अडतो, सावकाश केला तर पुष्कळदा सोडतो; झोपेत आणि उबेत सैलावतो, थंडीने किंवा वेदनेने वाढतो. प्रत्यक्ष आखडलेला सांधा, म्हणजेच कॉन्ट्रॅक्चर, तसा नसतो. कितीही हळू केले, रुग्ण गाढ झोपेत असला, तरी तो त्याच जागी थांबतो. बहुतेक रुग्णांमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र असतात आणि पहिली दुसरीला जन्म देते. ताठरपणावर औषधे काम करतात, आखडलेल्या ऊतींवर ती काम करत नाहीत. म्हणून गोळ्या सुरू आहेत एवढ्यावर समाधान मानून सांध्यांकडे दुर्लक्ष होता कामा नये.

आरामाची स्थितीच धोक्याची

भाजलेल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना एक गोष्ट फार लवकर शिकावी लागते: रुग्णाला ज्या स्थितीत बरे वाटते, त्याच स्थितीत त्याचा सांधा आखडतो. मानेच्या पुढच्या बाजूला भाजलेला माणूस डोक्याखाली उशी मागतो, कारण हनुवटी छातीकडे झुकली की कातडीवरचा ताण कमी होतो. ती उशी दिली तर जखम भरताना हनुवटी तशीच छातीकडे ओढली जाते. काख भाजलेला माणूस हात अंगाशी धरतो आणि बऱ्या होणाऱ्या त्वचेचा पट्टा दंडाला बरगडीशी बांधून टाकतो. अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक रुग्णाबाबत हे कमीअधिक प्रमाणात खरे आहे.

घरोघरी दिसणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे गुडघ्यांखाली कायम ठेवलेली उशी किंवा लोड. ती मायेने ठेवलेली असते, आणि रुग्णाला त्याने खरोखरच बरे वाटते. परंतु दिवसरात्र ती तशीच राहिली की गुडघ्यामागचे आणि खुब्यापुढचे स्नायू आखूड होत जातात. एकदा का गुडघा तीस-चाळीस अंशांत अडकला की रुग्णाला उभे करणे, वॉकरला धरून दोन पावले टाकायला लावणे, हे सगळेच हातचे जाते. गुडघ्याच्या खाली किंवा वर पाय कापावा लागलेल्या रुग्णांत, आणि मधुमेहामुळे असे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत, ही उशी विशेष घातक ठरते, कारण खुबा किंवा गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडला की कृत्रिम पाय नीट बसवता येत नाही. त्यांना डॉक्टरांची हरकत नसल्यास दिवसातून काही वेळा वीस-तीस मिनिटे पालथे झोपवणे हितकारक असते; दम लागणाऱ्या किंवा नाकातून नळी असलेल्या रुग्णाला मात्र असे पालथे घालू नये.

टाचांना दाबाच्या जखमा होऊ नयेत म्हणून उशी लागतेच, पण तिची जागा वेगळी आहे. ती गुडघ्याच्या खालून घोट्यापर्यंत पोटरीच्या पूर्ण लांबीला आधार देईल अशी लांबट ठेवावी, म्हणजे वजन पोटरीवर पसरते, टाच गादीला न टेकता अधांतरी राहते आणि गुडघाही जवळजवळ सरळ राहतो. पायांवरची चादर गादीखाली ताणून खोचण्याची सवय सोडावी; तिच्या ताणाने पावले खाली दबतात आणि घोटा टाच वर ओढलेल्या स्थितीत अडकतो. पाऊल काटकोनात राहावे म्हणून लाकडी फळी लावण्याचा सल्ला जुन्या काळापासून दिला जातो, परंतु ताठरपणा असलेल्या रुग्णात तळव्याच्या पुढच्या भागावर कठीण वस्तू टेकली की पाय उलट जास्त ताठरतो. अशा रुग्णासाठी मापाने बनवलेला, पाऊल योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार म्हणजे स्प्लिंट चांगला. तो सुरुवातीला तास-दीड तासाने काढून खालची त्वचा पाहावी, आणि अर्ध्या तासात न जाणारा लालसर डाग दिसला तर तो दुरुस्त करून घेतल्याशिवाय पुन्हा घालू नये.

दिवसभर खुर्चीत बसवून ठेवणे म्हणजे उपचार झाला, असेही समजू नये. बसणे फुप्फुसांना, गिळण्याला आणि मनालाही चांगले असते, पण बसलेल्या माणसाचे खुबे आणि गुडघे वाकलेलेच असतात. स्वतःला उचलता न येणाऱ्या माणसाचे सगळे वजनही कुल्ल्यांच्या त्याच दोन हाडांवर पडते. बसण्याचे तास, सरळ झोपण्याचे तास आणि कुशीवरचे तास यांची सरमिसळ असावी लागते.

भिंतीला लावलेली कॉट

मुंबईच्या खोलीचे एक वैशिष्ट्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत कॉट एका भिंतीला लावावी लागते, कारण दुसरी जागाच नसते. मग काळजी घेणाऱ्याला एकाच बाजूने पोहोचता येते, पाणी त्याच बाजूने दिले जाते, टीव्ही आणि दार त्याच बाजूला असतात, आणि रुग्ण महिनोन्‌महिने त्याच बाजूला मान वळवून, त्याच कुशीवर राहतो. मान एका बाजूला आखडते, दोन्ही गुडघे एकाच दिशेला कलंडून राहतात आणि खुबे त्याच वळणावर अडकतात. पक्षाघाताच्या रुग्णाचे एका बाजूकडे लक्षच जात नसेल, आणि नेमकी ती बाजू भिंतीकडे असेल, तर त्या बाजूच्या अंगाची त्याला आठवणच राहत नाही.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. रुग्णाचे डोके आणि पाय यांच्या बाजू ठरावीक दिवसांनी बदलाव्यात, म्हणजे डोके आज जेथे आहे तेथे पाय येतील. कॉट न हलवता रुग्णाची दुसरी बाजू दाराकडे येते. डोक्याकडची बाजू उचलता येणारा फाउलर बेड असेल तर कॉटच फिरवावी लागेल, आणि चाके असतील तर दिवसातून काही वेळ ती भिंतीपासून हातभर पुढे ओढणेही शक्य असते. असे बेड, एअर बेड आणि व्हीलचेअर भाड्याने किंवा अनामत रकमेवर देणारी धर्मादाय केंद्रे शहरात अनेक ठिकाणी आहेत, तेव्हा विकत घेण्याआधी जवळपास चौकशी करावी.

कूस बदलणे

कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी, हा नियम बहुतेकांना माहीत असतो. ती कशी बदलावी हे फार थोड्यांना दाखवलेले असते. रुग्णाला ओढत नेऊ नये. ओढताना वरची कातडी गादीला चिकटून राहते आणि आतले मांस हाडाबरोबर सरकते, आणि त्या ओढाताणीतच आतल्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. त्याच्या पाठीखाली खांद्यापासून मांडीपर्यंत एक दुहेरी केलेली सुती चादर कायम अंथरलेली असावी, आणि दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून धरून त्याला उचलून सरकवावे. मग पूर्ण काटकोनात कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंशांतच कलते ठेवावे, म्हणजे खुब्याच्या टोकदार हाडावर सगळे वजन येत नाही. दोन गुडघ्यांमध्ये आणि दोन घोट्यांमध्ये उशी असावी. पक्षाघाताचा हात वरच्या बाजूला असेल तर तो छातीसमोर उशीवर, कोपर शक्य तितके सरळ आणि तळहाताला आधार मिळेल असा ठेवावा. त्याच बाजूवर झोपवायचे असेल तर तो खांदा हलक्या हाताने थोडा पुढे काढून घ्यावा, म्हणजे शरीराखाली चेपला जात नाही.

सांधे आधीच आखडलेले असतील तर रुग्णाला सपाट झोपवण्याचा अट्टहास धरू नये. वाकलेल्या गुडघ्यांना दाबून गादीला टेकवले की कंबर उचलली जाते, सगळा भार माकडहाडावर येतो आणि रुग्ण वेदनेने आणखी आकसतो. शरीराने घेतलेला आकार मान्य करून गादी आणि अवयव यांच्यामधली प्रत्येक पोकळी उशीने, गुंडाळलेल्या टॉवेलने किंवा जुन्या गोधडीच्या घडीने भरून काढावी. आधार मिळाला की स्नायू थोडे सोडतात, हे हाताला लगेच जाणवते.

सांधे हलवणे: किती आणि कुठपर्यंत

रुग्ण स्वतः हलवू शकत असेल तर ती हालचाल सर्वांत मोलाची असते, मग ती पेला तोंडापर्यंत नेण्याइतकी का असेना. चमच्याने भरवणे लवकर उरकते म्हणून त्याच्या हातून चमचा काढून घेणे हा फार महाग पडणारा सोयीस्करपणा आहे. जो स्वतः हलवू शकत नाही त्याचे सांधे दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी पाच ते दहा वेळा, दुसऱ्याने हलवून द्यावेत. अंघोळीनंतर अंग उबदार असते, ती वेळ उत्तम. एक हात सांध्याच्या वर आणि एक खाली ठेवून, बोटांनी न दाबता पूर्ण तळव्याने आधार देत, सावकाश न्यावे. जेथे अडेल तेथे थोडा वेळ स्थिर थांबावे, आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे. बोलता न येणाऱ्या माणसाच्या वेदना कपाळावरच्या आठीत, रोखलेल्या श्वासात आणि घट्ट मिटलेल्या ओठांत दिसतात.

जोर लावून सांधा मोकळा होत नाही. दीर्घकाळ अंथरुणात असलेल्या माणसाची हाडे इतकी विरळ झालेली असतात की डायपर बदलताना पाय हिसकल्यानेही मांडीचे हाड मोडू शकते. मज्जारज्जूच्या किंवा डोक्याच्या दुखापतीनंतर एखादा सांधा अचानक गरम, सुजलेला आणि जास्त कडक झाला तर तेथे स्नायूंमध्ये नवे हाड तयार होत असण्याची शक्यता असते. तेव्हा हालचाल थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

या व्यायामांविषयी प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वैद्यकीय पुराव्यांचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये सांधे आखडण्यावर हातपाय ताणून केल्या जाणाऱ्या उपचारांच्या (स्ट्रेचिंग) ४९ अभ्यासांचा एकत्रित विचार केला. सात महिन्यांपेक्षा कमी काळ दिलेल्या अशा ताणाने सांध्याच्या हालचालीत रुग्णाला उपयोगी पडेल एवढा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. याचा अर्थ रुग्णाला न हलवता ठेवावे असा मुळीच नाही. दिवसातून काही मिनिटे हातपाय ताणले की कर्तव्य संपले, हा समज मात्र या निष्कर्षापुढे टिकत नाही. बाकीच्या तासांतली स्थिती, रुग्णाची स्वतःची हालचाल, त्याला लवकर बसवणे आणि उभे करणे, वेदना आणि ताठरपणा यांवरचा उपचार, यांच्यासोबतच त्या मिनिटांना काही अर्थ येतो.

मिटलेली मूठ

शुश्रूषेचे कौशल्य सर्वांत जवळून पाहायचे असेल तर मिटलेली मूठ धुताना पाहावे. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या तळहातात घाम साठतो, त्वचा पांढुरकी आणि लिबलिबीत होते, आंबूस वास येतो, नखे वाढून तळव्यात रुततात आणि पावसाळ्यात, जेव्हा मुंबईत काहीच धड वाळत नाही, तेथे बुरशी धरायला वेळ लागत नाही. घरचे बोटे ओढून मूठ उघडू पाहतात, रुग्ण ओरडतो, आणि मग कोणीच त्या हाताला हात लावत नाही.

बोटे टोकाला धरून कधीही ओढू नयेत. आधी हात कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवावा. पाण्याची ऊब आपल्या कोपराने तपासून पाहावी, कारण रुग्णाला त्या हातात चटका जाणवेलच असे नाही. नंतर त्याचे मनगट तळहाताच्या दिशेने हलकेच आणखी वाकवावे. मनगट वाकले की बोटांच्या कंडरांवरचा ताण उतरतो आणि मूठ आपोआप थोडी सैल पडते; सैल पडलेल्या त्या फटीतून, करंगळीच्या बाजूने, आपले साबण लावलेले बोट आत सरकवावे. अंगठा मुठीत अडकलेला असेल तर त्याच्या टोकाऐवजी बुडाशी, तळहाताच्या उंचवट्याशी धरून बाहेर काढावा. सौम्य साबणाने धुऊन स्वच्छ पाणी घालावे आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत टिपून कोरडे करावे, चोळू नये. नखे कापण्यापेक्षा घासून आखूड केलेली बरी. शेवटी जुन्या मऊ सुती साडीच्या किंवा धोतराच्या कापडाची घट्ट गुंडाळी तळहातात ठेवावी आणि ती ओली झाली की बदलावी. दाबला की दबणारा मऊ स्पंजचा चेंडू ताठर मुठीत देऊ नये, अनेक रुग्णांत त्याने पकड आणखी घट्ट होते. त्वचा सोललेली, लाल किंवा पाणावलेली दिसली तर घरगुती मलम न लावता डॉक्टरांना दाखवावे. हे सगळे रोज एकदा करावे लागते, आणि सवयीने त्याला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

काख, कोपराची घडी, गुडघ्यामागची घडी आणि जांघ यांनाही हीच काळजी लागते. मांड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतील तर त्या फाकवण्याचा प्रयत्न न करता रुग्णाला कुशीवर घेऊन, गुडघे थोडे वर वाकवून मागच्या बाजूने स्वच्छता करावी. स्त्री रुग्णाची स्वच्छता नेहमी पुढून मागे अशी असावी.

कपड्यांचा नियम सोपा आहे: दुर्बल हात बाहीत आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा. गाऊन किंवा सदरा पाठीकडून अथवा खांद्यावर उघडणारा, वेल्क्रो लावलेला शिवून घ्यावा. रुग्णाला बसवताना त्याच्या काखेत हात घालून किंवा दुर्बल हात धरून कधीही उचलू नये. पक्षाघातानंतर खांद्याचा सांधा सैल झालेला असतो आणि एका हिसक्याने तो खोबणीतून खाली उतरतो. पुढे त्या दुखऱ्या खांद्यामुळे रुग्ण सगळीच हालचाल टाळू लागतो.

त्वचा

आखडलेल्या शरीराचा भार फार थोड्या जागांवर येतो, म्हणून बेडसोअर तेथे लवकर होतात: माकडहाड, टाचा, खुबे, घोट्याची हाडे, एकमेकांवर घासणारे गुडघे, कोपरे, कानाची पाळी, डोक्याची मागची बाजू. प्रत्येक वेळी कूस बदलताना या जागा पाहाव्यात. बोटाने दाबल्यावर जो डाग फिका पडत नाही ती पहिली पायरी समजावी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून ती जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का हे हाताने पाहावे. अशा जागेला मालिश करू नये, त्याने आतली इजा वाढते. पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर टाकण्याची पद्धत अजून अनेक घरांत आणि काही वॉर्डांतही दिसते. स्पिरिटने त्वचा कोरडी पडून तडकते आणि घामाने भिजलेल्या पावडरीच्या गुठळ्या घासत राहतात. स्वच्छ, कोरडी त्वचा आणि कोरड्या ठिकाणी हलक्या हाताने लावलेले थोडे खोबरेल तेल पुरते. मध्ये भोक असलेली रबरी रिंग वापरू नये, तिच्या कडेखालचा रक्तपुरवठा दबतो. एअर बेड उपयोगी आहे, पण तो लावल्याने कूस बदलण्यातून सुटका होत नाही, आणि त्यावर प्लॅस्टिक व चार चादरींचे थर अंथरले तर त्याचा उपयोगच संपतो.

अंगाशी निगडित इतर गोष्टी

भरवताना रुग्ण शक्य तितका ताठ बसलेला असावा आणि नंतर अर्धा तास तरी तसाच राहावा. नाकातल्या नळीने अन्न देताना डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उचललेली असावी. एकाच पोटरीला सूज, ऊब किंवा दुखरेपणा दिसला तर तिला तेल लावून चोळू नये, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखू लागले तर १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे.

ताठरपणा एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर आजार बळावला असे लगेच मानू नये. बहुतेकदा शरीरात कुठेतरी काही टोचत असते: लघवीचा संसर्ग, मुडपलेली कॅथेटर, चार दिवसांचा बद्धकोष्ठ, मांसात वाढलेले नख, नवा बेडसोअर, आवळलेला डायपर, चादरीची चुणी. रुग्ण सांगू शकत नाही, म्हणून त्याचे स्नायू सांगतात. लोकलमधून पडून किंवा बांधकामावरून कोसळून मणक्याच्या वरच्या भागाला, छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्याही वर इजा झालेल्या रुग्णांत हेच कारण जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. त्याला ताबडतोब बसते करावे, आवळणारे कपडे सोडावेत, लघवीची नळी तुंबली आहे का पाहावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी.

बॅक्लोफेनसारखी ताठरपणाची गोळी संपली म्हणून एकदम बंद करू नये. त्याने ताप, भ्रम आणि झटकेही येऊ शकतात. एखाद्या ठरावीक स्नायूसाठी बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देता येते, त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि त्या काळात स्थिती आणि स्प्लिंट यांवर भर द्यावा लागतो. काही रुग्णांत ठरावीक दिवसांनी प्लास्टर बदलत सांधा थोडाथोडा मोकळा केला जातो, काहींत शस्त्रक्रियेने कंडरा लांब केली जाते. रुग्ण पुन्हा चालणार नसला तरी तळहात धुता यावा, डायपर बदलता यावा, व्हीलचेअरवर बसता यावे, एवढ्यासाठीही हे उपचार केले जातात, आणि माझ्या मते ही उद्दिष्टे मुळीच लहान नाहीत. यासाठी पुनर्वसन तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. हाजी अलीजवळची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून याच कामासाठी आहे.

करणारा आणि करून घेणारा

आखडलेल्या शरीराला प्रत्येक स्पर्श दुखेल या भीतीने रुग्ण आधीच आवळून बसतो. म्हणून हात लावण्याआधी बोलावे: “आजी, आता तुम्हाला खिडकीकडच्या कुशीवर घेते हं, आधी हात धरते.” उत्तर येत नसले तरी सांगावे, आणि सांगितल्यावर क्षणभर थांबावे. डॉक्टरांनी वेदनाशामक दिले असेल तर ते आंघोळीच्या किंवा व्यायामाच्या सुमारे अर्धा-पाऊण तास आधी द्यावे. लहान खोलीत पाहुणे, शेजारी आणि मुले असतात. स्वच्छता करताना पडदा नसेल तर दोरीवर चादर टाकावी.

काळजी घेणाऱ्याच्या कमरेचाही विचार झाला पाहिजे. खाली गादीवर झोपलेल्या रुग्णासाठी दिवसातून दहा वेळा वाकणारी सून किंवा पत्नी वर्षभरात स्वतः रुग्ण होते. कॉटखाली विटा किंवा लाकडी ठोकळे भक्कम बसवून ती करणाऱ्याच्या कमरेच्या उंचीला आणावी, वळवताना गुडघे वाकवावेत, आणि एकटीने उचलायचे धाडस टाळावे.

घरात एक वही असावी. कोणत्या वेळी कोणत्या कुशीवर घेतले, कोणत्या जागी डाग दिसला, कोपर किंवा गुडघा कुठपर्यंत सरळ झाला, शौचास कधी झाले, एवढे तीत लिहावे. महिन्यातून एकदा त्याच कोनातून त्याच सांध्याचा फोटो काढून ठेवला तर हळूहळू होणारा बदल डॉक्टरांना दाखवता येतो. ब्युरोची माणसे वारंवार बदलतात, आणि नव्या मावशींना तोंडी सांगितलेले अर्धे विसरले जाते. म्हणून जुन्या मावशी जाण्यापूर्वी नव्या मावशींनी एकदा मूठ धुताना आणि एकदा कूस बदलताना स्वतः पाहावे, आणि नंतर तेच त्यांच्या देखत करून दाखवावे.